‘कनेक्शन बंद करा’: अशा विनंत्यांचा माग ठेवणारं वेब ॲप कसं बनवावं

ब्रॉडबँड, केबल, जिम, डबा, पाण्याचे जार. महिन्याच्या बिलावर चालणारा कुठलाही छोटा धंदा घ्या, नवा ग्राहक जोडायची यंत्रणा चोख असते आणि ‘बंद करा’ म्हणणाऱ्याची विनंती कुणाच्या तरी व्हॉट्सॲपमध्ये पडून असते. यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, गूगल शीट आणि ॲपशीट (शीटवरून कोड न लिहिता ॲप बनवणारं गूगलचं साधन) पुरेसं आहे. ब्रॉडबँडचं उदाहरण घेऊ.

शीटच्या सेटिंग्जमध्ये लोकेल भारत करा, नाहीतर अमेरिकी पद्धतीने 03/04 म्हणजे 4 मार्च होईल. मग रकाने करा: विनंती क्रमांक, ग्राहक क्रमांक, मोबाइल, कारण. शीट ॲपशीटला जोडा. ‘की’ म्हणजे प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख म्हणून विनंती क्रमांकच ठेवा, ओळीचा क्रमांक अजिबात नको. डिलीटची परवानगी बंद. ‘कारण’ सक्तीचं करू नका. जाणाऱ्या ग्राहकाची वाट अडवायची नसते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये ठरवलेल्या 13 डार्क पॅटर्नमध्ये (ग्राहकाला फसवणाऱ्या डिझाइनच्या युक्त्यांमध्ये) ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’, म्हणजे सेवा बंद करणं अवघड करून ठेवणं, आहेच.

आता खरी मेख. बहुतेक जण सांगतात, ‘प्रलंबित, चालू, पूर्ण’ असा ड्रॉपडाउन करा. कृपा करून करू नका. या पायरीवर मीही भरपूर डोकेफोड केली आहे.

‘पूर्ण’ म्हणजे कुणाच्या लेखी पूर्ण? समजा, 28 तारखेला विनंती आली. ऑफिसातल्या ताईंनी ग्राहकाला फोन केला, त्यांच्या बाजूने काम झालं. बिलिंगला कुणी कळवलं नाही, म्हणून 1 तारखेला बिल निघालं. 3 तारखेला टेक्निशियनने राउटर उचलला, त्याचंही काम झालं. 5 तारखेला यूपीआय ऑटोपेने पैसे कापले. डिपॉझिट अजून तुमच्याकडेच. ग्राहक जाब विचारायला आला तेव्हा ॲप हिरव्या रंगात ‘पूर्ण’ दाखवतंय.

म्हणून ड्रॉपडाउनऐवजी तारखांचे पाच रकाने करा: विनंती आली, बिल व ऑटोपे थांबवलं, लाइन तोडली, राउटर आला, डिपॉझिट दिलं. रकाना रिकामा म्हणजे काम बाकी. स्टेटस माणसाने भरायचंच नाही. एक व्हर्च्युअल रकाना (शीटमध्ये नसलेला, ॲप फॉर्म्युल्याने स्वतः भरतं तो) करून पहिला रिकामा रकाना कुठला, हे ॲपलाच शोधू द्या. फॉर्म्युल्यात बिल-ऑटोपेची तपासणी सगळ्यात वर ठेवा, कारण पहिली लागू पडणारी अटच स्टेटस म्हणून दिसते आणि पैशाची चूक सगळ्यात आधी दिसली पाहिजे.

बिल विनंतीच्या तारखेलाच थांबलं पाहिजे, यावर मी तडजोड करत नाही. टेक्निशियन उशिरा गेला तर तो तुमचा उशीर. राउटर हाती येईपर्यंत ग्राहकाचं मीटर चालू ठेवणं हा अन्याय आहे. राउटरसाठी डिपॉझिट आहे ना तुमच्याकडे? आणि बिल थांबलं म्हणजे ऑटोपे थांबलं असं समजू नका. मँडेट, म्हणजे ग्राहकाने पैसे कापायला दिलेली परवानगी, वेगळं रद्द करावं लागतं, त्याची खात्री झाल्यावरच तारीख टाका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना जाते. बंद कनेक्शनसाठी ती गेली, की तुमच्यावरचा त्याचा विश्वास संपला.

बाकी सोपं आहे. नोंद होताच ग्राहकाला विनंती क्रमांक कळवा. बिल-ऑटोपेचा रकाना रिकामा असलेल्या नोंदींची वेगळी यादी ॲपमध्ये लावा. बिलं काढायच्या आदल्या संध्याकाळी ती उघडा आणि यादी संपल्याशिवाय एकही बिल काढू नका.