लेकीचा सोळावा वाढदिवस मोठा करायचा की नाही, हे ठरवायचं कसं

माझ्या थोरलीच्या सोळाव्या वाढदिवसाला सोलापुरात होटगी रोडच्या एका हॉलमध्ये 140 ताटं उठली. त्यातली तिच्या मैत्रिणींची अकरा. बाकी सगळे तिच्या पप्पांच्या लूमच्या (यंत्रमागाच्या) धंद्यातले सूतवाले, कारखान्याशेजारचे लोक, दोन्हीकडचे पाहुणे, आणि ज्यांच्या घरचं आम्ही जेवून आलो होतो ते. रात्री घरी आल्यावर गाऊनची चेन काढून घ्यायला ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मी, संपलं ना एकदाचं?"

तेव्हा आम्ही सगळ्यात आधी हॉल धरला होता आणि मुलीला सगळ्यात शेवटी विचारलं होतं. धाकटीच्या वेळी हा क्रम उलटा केला. तोच खाली देते आहे. कार्यक्रम करा किंवा करू नका, क्रम मात्र मोडू नका.

1. आधी ठरवा, नेमकं काय साजरं करायचंय

"पोरगी मोठी झाली" हे एकच वाक्य सोलापुरात निदान तीन अर्थांनी चालतं.

पहिला अर्थ पाळीचा. जुन्या मराठी घरांत "शहाणी झाली", "पदर आला" म्हणायचे, न्हाण करून मखरात बसवायचे. आता बहुतेकांनी ते सोडलंय. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत मात्र लंगा-ओणीचा कार्यक्रम अजून होतो. पोरीला पहिली अर्धी साडी नेसवतात, ओटी भरतात, पाहुणे येतात.

दुसरा सोळाव्याचा. हा आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेतून सिनेमा-मोबाइलवाटे आला. मेक्सिको आणि आसपासच्या देशांत हेच पंधराव्याला करतात, त्याची सुरुवात चर्चमध्ये प्रार्थनेनं होते आणि नंतर वडिलांबरोबर नाच असतो. आपण त्यातला केक आणि गाऊन तेवढा उचलला.

तिसरा अठराव्याचा, म्हणजे कायद्याचा. मतदान, लायसन्स, मोठ्या माणसांसारखं पूर्ण बँक खातं.

हे वेगळं करून का बघायचं? कारण आपण नाव एकाचं घेतो आणि मनात दुसरंच असतं. थोरलीच्या वेळी एक आत्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "छान केलंस, चार लोक बघून ठेवतील." केक सोळाव्याचा, नजर स्थळाची! पोरींना हे बरोबर कळतं. मुलीचं लग्न 18 च्या आत करणं गुन्हा आहे हे सगळ्यांना पाठ असतं, पण "बघून ठेवणं" पंधराव्यापासूनच सुरू होतं. तुमच्या घरात कुणाच्या मनात असं काही असेल तर ते आधी उघड बोला. त्यावर एकमत होत नसेल तर कार्यक्रमाचा विषय तिथेच थांबवा. सजवलेल्या स्टेजवर पोरीला उभं करून हा घोळ सुटत नाही.

ओणीच्या कार्यक्रमाला मी नावं ठेवणार नाही. आमच्या शेजारच्या पोरीनं हौसेनं केला, अजून त्याचे फोटो दाखवते. पण तिच्याच वर्गातल्या एकीला "सगळ्या गल्लीला माझी पाळी कळली" याची इतकी लाज वाटली की आठ दिवस ती शाळेत गेली नाही. कार्यक्रम तोच. एकीला विचारलं होतं, दुसरीला नाही.

2. मुलीला विचारा, पण एकटीला आणि दोनदा

जेवणाच्या ताटावर, आज्जी समोर, पप्पा हिशोब घेऊन बसलेत आणि आपण विचारतो, "काय गं, करायचा ना वाढदिवस?" यावर पोरगी "हो" म्हणेल किंवा "तुम्ही ठरवा". दोन्ही उत्तरं काही कामाची नाहीत.

गाडीवर मागं बसवून दही आणायला न्या. एकमेकींचं तोंड दिसत नाही तेव्हा पोरी खरं बोलतात, हा माझा अनुभव. आणि "पार्टी पाहिजे का" असं विचारू नका. तीन गोष्टी समोर ठेवा: हॉलमधला कार्यक्रम, घरी दहा-बारा मैत्रिणी, किंवा काहीच नाही. मग विचारा, यातलं कुठलं झालं तर तुला वाईट वाटेल? काय नको ते सांगणं या वयात सोपं जातं.

आठ दिवसांनी पुन्हा विचारा. पहिलं उत्तर बऱ्याचदा उसनं असतं. एखाद्या मैत्रिणीच्या वाढदिवसाहून आली असेल तर "हो", घरात पैशावरून काही ऐकलं असेल तर "नको".

त्या "नको"कडे नीट बघा. तो तीन तऱ्हेचा असतो. एक पैशाचा. आमची धाकटी म्हणाली, "नको की मम्मी, लूम बंद आहेत ना सध्या." पंधराव्या वर्षी पोरीनं घराचा धंदा असा डोक्यावर घ्यावा याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. तिला शांतपणे सांगितलं, इतके पैसे बाजूला आहेत, तेवढ्यात काय होतं ते बघू. दुसरा "नको" लाजेचा: अंगावर पिंपल्स आहेत, वजन वाढलंय, सगळे बघतील. यावर "छे गं, छान दिसतेस" म्हणून उपयोग नाही. ज्यात तिच्याकडे कुणी टक लावून बघणार नाही असा बेत सुचवायचा: स्टेज नको, गाऊन नको, फोटोग्राफर नको. आणि तिसरा खरा "नको". तो ओळखायला सोपा, कारण ती कारण देत नाही आणि दुसऱ्या विषयावर जाते. तो आला की थांबा. "नंतर पस्तावशील" म्हणून खोदत बसू नका.

3. कॅलेंडर उघडा

हॉलवाल्याला फोन करण्याआधी हे करा. सोळावं बऱ्याच पोरींचं दहावीच्या आसपास येतं आणि अठरावं बारावीच्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, पुढं एप्रिल-मे सीईटी आणि नीटचे. वाढदिवस या पट्ट्यात असेल तर परीक्षेनंतरची तारीख घ्या. त्यानं वाढदिवस शिळा होत नाही.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. गच्चीवर करायचं तर साडेसातच्या आत कुणाला बोलावू नका, आणि दुपारी गच्चीवर पाणी मारून ठेवा. आता पाणी म्हटलं की तुमच्या भागात नळ कुठल्या दिवशी येतो तेही बघावं लागणार. घरी पंचवीस माणसं जेवणार आणि टाकी तळाला, ही फजिती आमच्याकडे होऊन गेली आहे. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा असते, सिद्धेश्वर मंदिराच्या आणि होम मैदानाच्या बाजूला गर्दी, बाहेरच्या पाहुण्यांना पोहोचायला उशीर होणारच. श्रावणात मटणाचा प्रश्न आपोआप मिटतो. एरवी तो मिटत नाही. अर्धे पाहुणे मटणाशिवाय जेवण मानत नाहीत, अर्ध्यांना वेगळी पंगत लागते. शाकाहारीच ठेवा आणि मोकळे व्हा.

4. नावं लिहा, पहिली वीस तिच्या हातानं

माझ्या मते खरा निर्णय इथेच होतो. कोरा कागद तिला द्या. ती वीस नावं लिहील, नाहीतर सातवर थांबेल. सातवर थांबली तर हॉल नको, हे ठरलंच.

त्याच्याखाली घरातल्यांनी आपली नावं लिहायची. मग एक नियम लावायचा: ज्यांना ती नावानिशी ओळखत नाही त्यांना बोलावायचं नाही. आमच्या यादीतली 60 नावं या एका नियमानं गेली. घरचे म्हणाले, "त्यांचं आपण जेवून आलोय, आहेर फेडायचा राहिलाय." बरोबर आहे, फेडा की. त्यासाठी सत्यनारायण घाला, दिवाळी फराळाला बोलवा. पोरीच्या वाढदिवसावर कुटुंबाचे सगळे आहेर फेडायला निघालो तर तो तिचा वाढदिवस राहत नाही.

वर्गातल्या मुलांना बोलवायचं की नाही हेही याच वेळी, तिच्यासमोर ठरवा. बोलवायचं तर त्यांच्या आईवडिलांनाही माहीत असू द्या. बोलवायचं नसेल तर ते तिला आधी सांगा. दारात आलेल्या पोराकडे पप्पांनी डोळे वटारून बघायचं आणि तिनं सोमवारी शाळेत त्याला तोंड द्यायचं, हे बरं नाही.

5. पैसा

यात फार बोलण्यासारखं नाही. समजा ताट 250 रुपये आणि माणसं 120, तर जेवणाचेच 30,000 झाले. हॉल, सजावट, केक, फोटो, कपडे वेगळे. त्याशिवाय पाहुण्यांची ये-जा, पाण्याचे जार, वाढप्यांची बक्षिसी, ऐन वेळी वाढलेली वीस माणसं धरा. एकूण आकडा कागदावर मांडा आणि तेवढ्यात तिचं आणखी काय होतं ते शेजारी लिहा: क्लासची फी, लॅपटॉप, किंवा सुकन्या समृद्धीत भर. कर्ज काढून किंवा भिशी फोडून हा कार्यक्रम करू नका. लग्नालासुद्धा करू नये, पण तो वेगळा विषय.

भेट म्हणून सोळाव्याला गाडी द्यायचा बेत असेल तर थांबा. सोळाव्या वर्षी फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स मिळतं, आणि रस्त्यावरच्या आजच्या पेट्रोल स्कूटर जवळजवळ सगळ्या त्याच्या वरच्या. अल्पवयीन मुलगी विनालायसन्स गाडीवर सापडली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

6. "करायचं" ठरलं तर

स्टेजवरची खुर्ची आणि केकचा स्वाद यावर बाकीचे बोलतीलच, मी पाचच गोष्टी सांगते.

चौकात पोरीच्या चेहऱ्याचं डिजिटल बॅनर लावू देऊ नका. पप्पांचे मित्र हौसेनं लावतात, "ताईसाहेबांना शुभेच्छा" आणि खाली पंधरा जणांचे फोटो. महापालिकेची परवानगी नसते ते सोडाच, पोरीला त्या चौकातून रोज क्लासला जायचं असतं. स्पीकर रात्री दहाला बंद. केकवर मेणबत्ती पेटलेली असताना फेसाचा स्प्रे मारू नका, त्यातला गॅस पेट घेतो. गॅसचे फुगेही नकोत. हायड्रोजन भरलेला फुगा ठिणगीनं भडकतो आणि आत काय भरलंय ते बाहेरून कळत नाही, तोंडानं किंवा पंपानं फुगवलेले लावा. आणि मैत्रिणींचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय स्टेटसला टाकू नका, आपल्या पोरीचेही नको.

7. "नाही" ठरलं तर

नाही म्हणजे दिवस कोरडा घालवायचा असं नव्हे. सकाळी सिद्धेश्वराचं दर्शन, घरी हुग्गी (गव्हाची खीर) किंवा तिला आवडेल ते, संध्याकाळी नवी पेठेत तिच्या पसंतीचा एक ड्रेस. चार मैत्रिणी आणि एक मोठं माणूस मिळून नळदुर्गचा किल्ला बघून येता येतं, पावसाळ्यात तर नक्की जा.

अठराव्याला मला स्वतःला कागदपत्रांचा दिवस आवडतो. हसू नका! आमच्या आईच्या वेळी मतदानाला 21 पूर्ण लागायची, 1989 पासून 18 झाली. सतरा पूर्ण झाली की मतदार यादीसाठी सहा नंबरचा अर्ज आगाऊ भरता येतो, म्हणजे वाढदिवसाच्या सुमाराला कार्ड हातात पडायची शक्यता असते. बँकेचं अल्पवयीन खातं तिच्या सहीचं करून घ्या. सुकन्या समृद्धीचं खातं अठराव्यानंतर तीच चालवते, आणि शिक्षणासाठी आदल्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते, अगदी दहावी झाल्यापासून. आधारचे ठसे पंधराव्याला पुन्हा द्यायचे असतात, ते राहिले असतील तर तेही उरका. थोरलीला आम्ही अठराव्याला बँकेत नेलं. काउंटरवर तिनं पहिली सही केली, मग आम्ही बाहेर येऊन उसाचा रस प्यालो. तो दिवस तिला अजून आठवतो. हॉलचा विषय मात्र ती काढत नाही.

8. सांगायचं कोणी

निर्णय काहीही होवो, नातेवाइकांना तो आईबापानं सांगायचा. "तिलाच नको होतं" असं म्हणून पोरीच्या अंगावर ढकलू नका. पुढची दोन वर्षं प्रत्येक लग्नात मावश्या-काकू तिला टोमणे मारतील. "यंदा आम्ही घरातल्या घरात करतोय" एवढं वाक्य पुरतं. त्यावर कुणी "का?" विचारलं तर तेच वाक्य पुन्हा म्हणा.

अवघड असतं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सांगणं. धाकटीनं शेवटी नऊ मैत्रिणी, गच्ची, आणि घरी बोलावलेला पाणीपुरीवाला असं ठरवलं. सासूबाईंना वाटत होतं थोरलीसारखंच होणार, नवीन इरकल साडी काढून ठेवली होती. मी सांगितलं तेव्हा थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मग मी खाली बसू की वर येऊ?"

माझ्याआधी धाकटीच म्हणाली, "वर ये की आज्जी. इरकल नेसूनच ये. फक्त नऊ वाजता खाली जा हं, मग आम्ही गाणी लावणार."

आज्जी सव्वानऊपर्यंत बसल्या, पाणीपुरीच्या दोन प्लेटा खाल्ल्या, आणि जाताना पाणीपुरीवाल्याकडून तिखट पुदिन्याचं पाणी तांब्यात भरून घेऊन गेल्या.