पहिल्या फ्लॅटची तयारी आणि रात्री पाहायची राहून गेलेली खोली

महागड्या शहरात पहिला फ्लॅट घेताना मी जागा कमी घेतली, खालचा मजला स्वीकारला, कामाच्या ठिकाणापासूनचे अंतर वाढू दिले आणि हे सारे विचारपूर्वक केले. ज्या एका गोष्टीमुळे तीन वर्षांत ते घर विकावे लागले, ती मात्र मी कधी पाहिलीच नव्हती. आता पुन्हा घर शोधताना स्वतःसाठी जी यादी केली आहे, ती पहिल्यांदाच घर घेणाऱ्यांच्याही उपयोगी पडेल म्हणून इथे लिहीत आहे.

सुरुवात पैशांपासून करावी, पण बँक किती कर्ज देईल या आकड्यापासून करू नये. व्याजदर ८ टक्के आणि मुदत २० वर्षे धरली, तर मुद्दलाइतकेच व्याज भरावे लागते. मुदत ३० वर्षांची केली तर हप्ता सुमारे १२ टक्क्यांनी उतरतो खरा, पण एकूण व्याज मुद्दलाच्या दीडपटीच्याही पुढे जाते. बदलत्या दराचे कर्ज असेल आणि दर ८ वरून १० टक्क्यांवर गेला, तर २० वर्षांच्या कर्जाचा हप्ता साधारण १५ टक्क्यांनी वाढतो, म्हणून वाढलेला हप्ता झेपेल का हे आधीच कागदावर मांडून पाहावे. आणखी एक हिशेब मी केला नव्हता. ८ टक्के दराने २० वर्षांचे कर्ज घेऊन तीन वर्षांत घर विकले, तर दर १०० च्या कर्जामागे तोवर सुमारे ३० भरून झालेले असतात आणि मुद्दल मात्र जेमतेम ७ ने कमी झालेले असते. पहिले घर छोटेच असते, पुढे बदलता येईल, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांना हा हिशेब दाखवावा. नोंदणी, दलाली, सामानाची ने-आण आणि रंगकाम यांचे पैसे वेगळे ठेवावेत आणि निदान सहा महिन्यांचे हप्ते हाताशी राहतील एवढी शिल्लक मोडू नये.

त्यानंतर, एकही घर पाहण्याआधी, एका कागदाच्या मधोमध रेघ मारावी. एका बाजूला पुढे पैसे आणि गवंडी मिळाल्यावर बदलता येईल ते सगळे लिहावे: फरशी, ओटा, वायरिंग, दारे, कपाटे, रंग. दुसऱ्या बाजूला कधीही बदलता येणार नाही ते लिहावे: मजला, खिडक्यांची दिशा, छताची उंची, रस्त्यापासूनचे अंतर, सांडपाण्याच्या पाइपांची जागा आणि भिंतीच्या पलीकडे, वर व खाली काय आहे ते. पहिल्या बाजूवर हवी तेवढी तडजोड करावी. फरशीच्या रंगावरून चांगली घरे नाकारणारी आणि चकचकीत ओटा पाहून अंधाऱ्या घराला होकार देणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि दोन्हींचा मला मनापासून त्रास होतो. घरात जे जे राहणार आहेत त्यांनी हा कागद वेगवेगळा लिहावा आणि मग समोरासमोर ठेवावा, कारण एकत्र बसून लिहिला तर बोलक्या माणसाचाच कागद तयार होतो.

दुसऱ्या बाजूचा शेवटचा मुद्दा, म्हणजे भिंतीच्या पलीकडे, वर आणि खाली काय आहे, हा माझ्या कागदावर नव्हता. मी तो फ्लॅट तीनदा पाहिला, पण तिन्ही वेळा रविवार होता आणि वेळ सकाळी अकरा ते एकच्या दरम्यानची होती. खिडक्या उघड्या होत्या, दलाल बोलत होता आणि आम्ही पलंग कुठे बसेल ते मोजत होतो. राहायला गेल्यावर पहिल्याच पहाटे पावणेपाच वाजता भिंत घुमू लागली. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप बरोबर आमच्या बेडरूमखाली होता आणि त्याचा पाइप आमच्याच भिंतीला क्लॅम्पने आवळलेला होता. उशाशी स्टुलावर ठेवलेल्या पेल्यातल्या पाण्यावर बारीक वलये उठत होती. पंप चाळीस मिनिटे चालला आणि बंद होताना पाइपाला असा दणका बसला की, पुन्हा लागू पाहणारी झोपही मोडली. पुढची तीन वर्षे रोज हेच चालले.

आम्ही जाड पडदे लावले, खिडकीला दुहेरी काच बसवली, आणि तो सारा खर्च वाया गेला. काच हवेतून येणारा आवाज अडवते; पंपाची थरथर पाइप, भिंत आणि स्लॅब यांतून शिरते. ती थांबवायची तर पंपाखाली रबरी पॅड, पाइपाला लवचीक जोड आणि क्लॅम्पला रबरी अस्तर द्यावे लागते. पंप सामाईक मालकीचा होता, इतरांच्या खोल्यांत आवाज जात नव्हता, त्यामुळे हा विषय प्रत्येक सभेत पुढच्या सभेवर ढकलला गेला. अशी खालच्या सुरातली घरघर भिंतीलगत आणि कोपऱ्यांत अधिक जाणवते, आणि खोली लहान असल्यामुळे पलंग भिंतीपासून दूर ओढायला जागाच नव्हती. जागा कमी घेण्याची तडजोड मी समजून केली होती. ती या न पाहिलेल्या तडजोडीला येऊन मिळाली, तेव्हा दोन्ही मिळून असह्य झाल्या.

म्हणून सांगतो, झोपण्याची खोली रात्री पाहावी. एकदा रात्री दहानंतर आणि एकदा पहाटे, कामाच्या दिवशी, दार-खिडक्या बंद करून, पंखा बंद करून, अर्धा तास काहीही न बोलता तिथे बसावे. भिंतीला तळहात लावून पाहावा, मग कान लावावा. लिफ्ट वर-खाली करायला सांगावी. पंप केव्हा सुरू होतो हे वॉचमनला विचारावे आणि त्याच वेळी जावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार झोपण्याच्या खोलीतला सततचा आवाज ३० डेसिबलच्या वर जाऊ नये, आणि आवाज खालच्या सुरातला असेल तर तो त्याहूनही कमी असावा. ३० डेसिबल म्हणजे साधारण कुजबुजीएवढा आवाज. मोबाइलवरच्या मापकावर विसंबून राहू नये, कारण ही घरघर त्यात बऱ्याचदा नीट पकडली जात नाही. अशा वेळी घर दाखवत नाहीत, असे दलाल सांगेल. तसे असेल तर वरच्या किंवा खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाला, शक्य तर भाडेकरूला विचारावे, कारण त्याला घराच्या किमतीची चिंता नसते. इमारत अजून उभी राहायची असेल तर नकाशा मागून पंप, लिफ्टचे यंत्र, जनरेटर, ट्रान्सफॉर्मर आणि कचऱ्याची जागा कुठे आहे ते त्यावर बोट ठेवून दाखवायला सांगावे. यांपैकी काहीही बेडरूमला लागून असेल, तर किंमत कितीही उतरली तरी तो फ्लॅट सोडून द्यावा.

जागेची तुलना नेहमी भिंतींच्या आतल्या, म्हणजे चटई क्षेत्रफळाने करावी. टेप घेऊन जावे आणि पलंग, कपाट, टेबल यांच्या मापाची वर्तमानपत्रे जमिनीवर पसरावीत. दार उघडल्यावर ते कशाला अडते हे तेव्हाच समजते. अंतराबाबत किलोमीटर विचारू नयेत, घाईच्या वेळेत स्वतः प्रवास करून पाहावा. जाताना आणि येताना अर्धा-अर्धा तास वाढला, तर २५० कामाच्या दिवसांत २५० तास होतात, म्हणजे वर्षातले दहा अख्खे दिवस. ही तडजोड चालेल, पण हा आकडा माहीत असताना केलेली असावी. अगदी वरच्या मजल्यावर छत तापते आणि गळूही शकते, अगदी खालच्या मजल्यावर ओल आणि अंधार, आणि पश्चिमेची उघडी भिंत संध्याकाळनंतरही खोलीत उष्णता सोडत राहते. जुनी इमारत घ्यायला माझी हरकत नाही, मात्र छताच्या कोपऱ्यांत नुकताच मारलेला रंग दिसला तर त्यामागे काय होते ते विचारावे आणि दुरुस्ती निधीत किती पैसे आहेत, हे सोसायटीच्या हिशेबात पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कागदपत्रे स्वतःच्या वकिलाला दाखवावीत. विकणाऱ्याच्या किंवा दलालाच्या नव्हे. मालकी, बोजा, बांधकामाच्या परवानग्या आणि थकबाकी हे सारे त्यातच आले. तोंडी कबूल केलेली प्रत्येक गोष्ट करारात यावी, पार्किंगसुद्धा. ताबा घेताना नळ, फ्लश आणि दिव्यांची बटणे एकेक करून पाहावीत, मीटरचे आकडे टिपून घ्यावेत आणि कुलूप बदलावे.

इसाराची रक्कम देण्याच्या आदल्या रात्री गजर लावून झोपावे आणि पहाटे पंपाच्या वेळी त्या बेडरूममध्ये पुन्हा एकदा जाऊन बसावे. जाताना पेला घेऊन जावा, तो पाण्याने भरून भिंतीलगत जमिनीवर ठेवावा आणि पंप बंद होईपर्यंत त्या पाण्याकडे पाहत राहावे.