बेळगाव परिसरातील खडक कसे ओळखावेत आणि त्यांचा इतिहास कसा वाचावा

चोर्ला घाटापासून सौंदत्तीपर्यंतचा पट्टा एका दिवसात गाडीने ओलांडता येतो, आणि तेवढ्या अंतरात अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित असे खडकांचे तिन्ही प्रकार भेटतात. शाळेत या तीन प्रकारांच्या व्याख्या पाठ होतात, पण रस्त्याकडेचा दगड हातात घेतल्यावर तो त्यांपैकी कोणता हे सांगता येत नाही, याचे कारण आपण नावापासून सुरुवात करतो. नाव शेवटी द्यावे. आधी हा दगड पूर्वी काय होता, कशामुळे असा झाला आणि सध्या त्याचे काय होत आहे, हे पाहावे.

साहित्य फार लागत नाही. एक पोलादी खिळा, दहा पट मोठे दाखवणारे भिंग, थोडे पाणी आणि एक लिंबू पुरते. दगडाची उघडी बाजू ऊनपावसाने रंग बदललेली असते, म्हणून निरीक्षण नेहमी ताज्या फुटलेल्या बाजूवर करावे. खडी क्रशरच्या आसपास किंवा नव्याने खोदलेल्या विहिरीच्या ढिगाऱ्यात असे तुकडे आयते मिळतात.

सुरुवात काळ्या कातळापासून करावी. बेळगाव, हुक्केरी, निपाणी या भागांत सर्वत्र दिसणारा हा बेसॉल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचा आहे. 1,100 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला हा रस उघड्यावर लवकर थिजल्यामुळे स्फटिकांना वाढायला अवधी मिळाला नाही, आणि म्हणून भिंगाखालीही कण जेमतेम दिसतात. तोच रस खोलवर सावकाश निवला असता तर कण नुसत्या डोळ्यांना दिसले असते. काही तुकड्यांत लहान पोकळ्या आढळतात, त्या लाव्हातून निसटू पाहणाऱ्या वायूच्या होत. पुढे त्यांतून झिरपलेल्या पाण्याने आत पांढरी खनिजे किंवा गारगोटी भरली. घाटाच्या कापलेल्या दरडीत दोन काळ्या थरांमध्ये विटकरी लाल पट्टा दिसला तर तिथे अवश्य थांबावे. खालचा लाव्हा थंड होऊन त्याची माती होऊ लागली होती आणि त्यानंतर वरचा प्रवाह आला, असा त्याचा अर्थ आहे.

याच बेसॉल्टचे पुढे काय झाले हे पाहायला सीमाभागाइतकी सोयीची जागा क्वचितच मिळेल, कारण पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीकडे पाऊस अतोनात पडतो आणि पूर्वेकडे जाता जाता तो झपाट्याने कमी होतो. पूर्वेच्या कमी पावसात कातळाचा मुरूम होतो, मुरुमाची काळी माती होते, आणि तिच्यात कॅल्शियमसारखे घटक बऱ्याच अंशी टिकून राहतात. विहीर खोदणारे लोक हा क्रम वरून खाली अचूक सांगतात: आधी माती, मग मुरूम, मग कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटणारे गोल धोंडे आणि शेवटी अभंग कातळ. पश्चिमेला मात्र मुसळधार पाऊस, त्यानंतरचा कडक उन्हाळा आणि लाखो वर्षांचा अवधी यांमुळे सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन गेले आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरून जांभा तयार झाला.

जांभा समजून घ्यायचा असेल तर चिरेखाणीची उभी भिंत पाहावी. माथ्यावर कठीण, तांबडा, भोकाभोकांचा थर असतो, त्याखाली लाल-पिवळ्या ठिपक्यांचा मऊ भाग येतो, आणखी खाली पांढरट-पिवळसर चिकण माती लागते आणि तळाशी मूळ कातळ असतो. ताजा चिरा सहज तासता येतो, पण उघड्यावर राहिला की वाळून त्यातील लोहाची संयुगे घट्ट होतात आणि तो टणक बनतो. खानापूर-चंदगडच्या घरांच्या भिंती या गुणामुळेच उभ्या आहेत. ज्या ठिकाणी लोह कमी आणि ॲल्युमिनियम अधिक उरले, तिथे बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचे खनिज, सापडते.

यानंतर गोकाकला जावे. घटप्रभा जिथून सुमारे 52 मीटर खाली कोसळते, तो कडा कलादगी समूहातील (कलादगी गावावरून नाव पडलेल्या थरांच्या गटातील) वालुकाश्मांचा, म्हणजे वाळूपासून बनलेल्या दगडांचा आहे आणि त्याचे वय शंभर कोटी वर्षांहून अधिक आहे. इथे थर स्पष्ट दिसतात. उथळ पाण्याच्या तळाशी वाळू साचत गेली, वरच्या थरांच्या भाराने ती दबली आणि झिरपणाऱ्या पाण्यातील सिलिकेने कण एकमेकांना सांधले. सपाट पृष्ठावर समांतर लहान वळ्या दिसल्या तर त्या लाटांच्या खुणा समजाव्यात. खिळ्याने ओरखडा काढून पाहिल्यास दगडावर चरा उमटत नाही, उलट खिळ्याचेच लोखंड घासून चकचकीत रेघ उमटते. साधा वालुकाश्म फुटताना कणांच्या कडेकडेने फुटतो. इथला बराचसा दगड मात्र कणांना भेदून काचेसारखा फुटतो, आणि म्हणून त्याला क्वार्टझाइट म्हटले जाते. हा घट्टपणा मुख्यतः सिलिकेच्या सांध्याचा आहे, त्यामुळे केवळ या कठीणपणावरून त्याला रूपांतरित खडकांत टाकण्याची घाई करू नये.

त्याच समूहातील चुनखडी यादवाड-लोकापूरच्या बाजूला आहे. तिची परीक्षा सोपी आहे: खिळ्याने थोडी पूड काढावी आणि त्यावर लिंबाचा रस टाकावा, म्हणजे बारीक बुडबुडे येतात. घरातील शहाबादी फरशीच्या तुटक्या कोपऱ्यावरही हे करून पाहता येते.

रूपांतरित खडकांसाठी खानापूर-लोंढा मार्ग उत्तम. खानापूरची कौले ज्यांनी पाहिली आहेत त्यांना रूपांतर समजावून सांगणे सोपे जाते: कच्चे कौल पाण्यात विरघळते, पण भट्टीतून निघालेले कौल वितळलेले नसूनही पुन्हा चिखल होत नाही. खडकाच्या बाबतीत उष्णतेला प्रचंड दाबाची जोड मिळते आणि घन अवस्थेतच जुनी खनिजे जाऊन नवी तयार होतात. धारवाड समूहाचे हे खडक 250 कोटी वर्षांहून जुने आहेत. त्यांतील चिखलाच्या थरांचे चकचकीत, पापुद्रे सुटणारे खडक झाले आणि जुन्या लाव्हाचे हिरवट शिस्ट, म्हणजे पत्र्यापत्र्यांचे रूपांतरित खडक, झाले. तुकडा उन्हात फिरवला की एका विशिष्ट कोनात सगळा पृष्ठभाग एकदम चमकतो, कारण अभ्रकासारख्या खनिजांचे पत्रे दाबामुळे एकाच दिशेने रचले गेले आहेत. या चमकेवरून आणि खिळ्याने सहज पडणाऱ्या चऱ्यावरून हा खडक बेसॉल्टपासून वेगळा ओळखता येतो.

तिन्ही ओळखता येऊ लागले की कोण कोणावर बसले आहे हे पाहावे. सर्वसाधारणपणे धारवाडचे शिस्ट आणि नाईस (फिकट-गडद पट्ट्यांचा रूपांतरित खडक) तळाशी, त्यांवर कलादगीचे थर, त्यांवर बेसॉल्ट आणि पश्चिमेला माथ्यावर जांभा असा क्रम लागतो. कलादगीच्या तळाच्या थरांत गोल गोट्यांनी भरलेला खडक मिळतो. प्रत्येक गोटा स्वतंत्रपणे तपासावा, कारण तो त्याहून जुन्या खडकातून सुटून, प्रवाहात घासून गोल होऊन इथे रुतला आहे. असा एक तुकडा हाती आला तर गोट्यांचे प्रकार, आकार आणि मधल्या वाळूचा रंग वेगवेगळा नोंदवावा. धबधब्याच्या कड्यावर, लाटांच्या खुणांवर आणि देवळांच्या दगडांवर हातोडी चालवू नये. अशा ठिकाणी छायाचित्र घ्यावे आणि प्रमाण कळावे म्हणून शेजारी नाणे ठेवावे. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर आणि चिरेखाणीच्या काठावर जाऊ नये. पाऊस सरल्यावर, दरडी धुऊन स्वच्छ झालेल्या असताना म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, निरीक्षणाला निघावे.