मंडळीची तांत्रिक सेवा : नव्याने येणाऱ्या तरुणांसाठी

बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतील (चर्चमधील) जी मुले बीसीए, डिप्लोमा किंवा अभियांत्रिकी शिकत आहेत, त्यांच्यापैकी अनेकांना आपले शिक्षण प्रभूच्या सेवेत लावावेसे वाटते, परंतु सुरुवात कोठून करावी हे त्यांना उमगत नाही. उपासनेतील गीते पडद्यावर दाखवणे, संदेशांचे (प्रवचनांचे) ध्वनिमुद्रण करणे आणि थेट प्रक्षेपण सांभाळणे ही कामे मी काही वर्षे करत आलो आहे. त्या अनुभवावरून माझे ठाम मत असे झाले आहे की ही सेवा कॅमेऱ्यापासून नव्हे, अक्षरांपासून सुरू करावी.

आपल्याकडे एकाच बाकावर मराठी गीते तोंडपाठ असलेली आजी आणि कन्नड माध्यमात शिकलेली तिची नात शेजारी बसतात. नातीला मराठी उत्तम बोलता येते, पण देवनागरी वाचताना ती एक ओळ मागे राहते. म्हणून गीताचे मराठी शब्द तेच ठेवून खालच्या ओळीत ते कन्नड लिपीत द्यावेत. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठराविक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, या दोन्ही लिप्यांची मांडणी बरीचशी समांतर असल्यामुळे लिप्यंतराचा छोटासा प्रोग्राम नवशिक्या विद्यार्थ्यालाही लिहिता येतो. खरे काम त्यापुढे आहे. ‘प्रकाश’ हा शब्द मराठी माणूस शेवटचा ‘श’ तोडून म्हणतो, तर तीच अक्षरे कन्नड वाचक अकारासह पूर्ण उच्चारतो, आणि मग अर्धी मंडळी एक मात्रा पुढे जाते. अशा ठिकाणी कन्नड ओळीत शेवटच्या अक्षराला हलंत (पाय मोडल्याची खूण) द्यावा लागतो. मात्र चालीत तो अकार मुद्दाम लांबवलेला असेल, तर हलंत देऊन चालत नाही. हे संगणक ठरवू शकत नाही. त्यासाठी गाणाऱ्या ज्येष्ठांजवळ बसून प्रत्येक कडवे ऐकावे लागते.

जुन्या गीतपत्रिका डीटीपीच्या (छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या, युनिकोड नसलेल्या) फॉन्टमध्ये असतात आणि तेथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, तर युनिकोडमध्ये ती पूर्ण जोडाक्षरानंतर यावी लागते. रूपांतर घाईने केले, तर ‘ख्रिस्त’चे ‘खि्रस्त’ होते आणि पुढे तो शब्द शोधूनही सापडत नाही. ज्या नावासाठी आपण एकत्र येतो, ते पडद्यावर मोडलेले दिसू नये, एवढी काळजी तरी आपण घेतलीच पाहिजे. अक्षरांची ही अडचण आजची नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली शेजारच्या गोव्यात छापले गेले तेव्हा देवनागरी खिळ्यांअभावी ते रोमन लिपीत छापावे लागले होते.

गीते आंतरजालावर ठेवण्यापूर्वी कवीचे नाव आणि मृत्यूचे वर्ष नोंदवून ठेवावे. आपल्या कायद्याप्रमाणे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क (कॉपीराइट) टिकतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली निवर्तले, त्यामुळे त्यांची गीते मोकळी आहेत. हयात कवींची लेखी परवानगी घ्यावी.

प्रक्षेपणाची हौस सर्वांना असते, परंतु आधी ऐकणारा कोठे आहे हे पाहावे. ७२० पिक्सेलच्या चित्राला ३ एमबीपीएसचा (सेकंदाला ३ मेगाबिट) वेग धरला, तर अर्ध्या तासाच्या संदेशाला सुमारे ६७५ एमबी लागतात. तोच संदेश ६४ केबीपीएसच्या (सेकंदाला ६४ किलोबिट) ध्वनिफितीत १५ एमबीच्या आत बसतो. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात रेंज आणि वीज दोन्ही जातात, तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या माणसापर्यंत ही लहान फाईलच पोहोचते. तेथेही रेंज नसेल, तर मेमरी कार्डवर शास्त्रपाठ आणि संदेश भरून भेटीला जाणाऱ्या भगिनींच्या हाती द्यावेत. आवाज मोबाईलच्या माईकवर न घेता ध्वनियंत्रणेच्या मिक्सरच्या लाइन-आउटमधून (आवाज बाहेर देणाऱ्या जोडणीतून) घ्यावा. पंख्याची घरघर आणि खोकला गाळला गेला, की कमी ऐकू येणाऱ्यालाही शब्द कळतो.

प्रार्थना-विनंत्यांच्या व्हॉट्सॲप गटाबद्दल मात्र मी फार काटेकोर आहे. कोणाचा आजार, कोणाच्या घरातील कलह, कोणाची नोकरी गेल्याची बातमी तेथे नावासह येते आणि क्षणात परगावी पोहोचते. विनंती आधी पाळकसाहेबांकडे (मंडळीच्या धर्मगुरूंकडे) यावी, संबंधितांना विचारावे आणि गटात गरजेपुरतेच लिहावे. संडे स्कूलच्या मुलांची छायाचित्रे पालकांच्या संमतीशिवाय टाकू नयेत. उपासनेला प्रथमच आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर कॅमेरा नेऊ नये. तो देवाचे वचन ऐकायला आलेला असतो, आपण त्याला गावभर दाखवण्याचे कारण नाही.

शिकताना ध्वनिसंयोजन, युनिकोड आणि थोडी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा एवढ्यावर भर द्यावा; प्रकाशन, भाषांतर आणि उपशीर्षकांच्या कामातही याला मागणी आहे. पदवी हाती पडताच तुमच्यापैकी बहुतेक जण पुण्याला किंवा बेंगळुरूला जाल. तेव्हा यूट्यूबचे खाते, गीतांच्या फाईली आणि पासवर्ड स्वतःच्या नावावर न ठेवता पहिल्या दिवसापासून मंडळीच्या ईमेलवर ठेवा, मिक्सरच्या प्रत्येक वायरला मराठीत चिठ्ठी चिकटवा आणि दहावी-अकरावीतील एकाला दर रविवारी शेजारी बसवून गीतांची पाने त्याच्याकडून बदलवून घ्या.