दहावी-बारावीच्या दिवसांत आई-वडिलांनी घर कसे सांभाळावे

आमच्या थोरलीचा दहावीचा गणिताचा पेपर होता, तेव्हा मी शाळेच्या फाटकाबाहेर जीव टांगणीला लावून उभी होते. ती बाहेर आली तसा मी पहिलाच प्रश्न टाकला, "शेवटचं गणित सुटलं का?" ती काही बोलली नाही. फोंड्याच्या स्टँडपर्यंत कंपासपेटीचे झाकण उघडत आणि मिटत राहिली. पुढच्या पेपरला मध्ये सुट्टी होती, पण ती सगळी सुट्टी गणिताच्या त्या एका प्रश्नापायी वाया गेली. तेव्हापासून मी कानाला खडा लावला. धाकट्याच्या दहावीला घराची पद्धतच बदलली. ती पुढे सांगते.

१. वेळापत्रक हातात येताच घराचे कॅलेंडर मांडा

गोवा बोर्डाचे वेळापत्रक आले की ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर उतरवा आणि त्याच पानावर घरातल्या बाकीच्या गोष्टीही लिहा. आपल्याकडे परीक्षेचे दिवस आणि फाल्गुन हातात हात घालून येतात. शिगमो म्हणजे गोव्यातला होळीचा उत्सव असतो, गावची जत्रा असते, उत्सवातल्या नाटकाच्या तालमी असतात. आमच्या घरी मुलांच्या वडिलांचीच नाटकात भूमिका होती आणि तालीम आमच्याच ओसरीवर चालायची. ती महिनाभर देवळाच्या सभामंडपात हलवली. मंडळींनी एका शब्दात ऐकले. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकरला एरवी कायद्यानेच बंदी आहे, पण भांडायला जाण्याआधी मंडळाच्या लोकांशी बोलून पाहावे. बहुतेकांच्या घरात परीक्षेला बसणारे कोणीतरी असतेच.

मुलाला शिगम्याला अजिबात जाऊ देऊ नये, असे मात्र मला वाटत नाही. खिडकीतून ढोल-ताशे ऐकत पुस्तकासमोर बसलेले मूल अभ्यास करत नसते. एक संध्याकाळ आधीच ठरवून द्यावी, दोन तास रोमटात, म्हणजे शिगम्याच्या मिरवणुकीत, नाचून येऊ द्यावे.

२. पुस्तक आपल्या हातात घ्या आणि त्याला सांगायला लावा

आपल्यापैकी कित्येकांचे शिक्षण मराठीत झाले. मुलांचे प्राथमिक शिक्षण मराठीतून किंवा कोकणीतून होते आणि पाचवीपासून सगळे इंग्रजीत. मग विज्ञानाचे पुस्तक उघडले की पालक म्हणतात, "आम्हाला यातलं काही कळत नाही, ट्यूशनला विचार." मला तर वाटते, कळत नाही हाच आपला मोठा उपयोग आहे.

धाकटा वीज हा धडा पाठ करत होता. सूत्रे घडाघडा म्हणत होता. आजी शेजारी भाजी चिरत होती. ती म्हणाली, "चवथीला लावतो त्या दिव्यांच्या जुन्या माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ का विझायची रे?" तो थांबला. पुस्तकात पाहू लागला तर मी पुस्तक मिटवले. पाच मिनिटे कागदावर रेघा ओढल्यावर त्याने कोकणीतच सांगितले, की दिवे एकामागून एक जोडले तर विजेला जायला एकच वाट असते, ती तुटली की सगळेच बंद. मग स्वतःच पुढे म्हणाला, घरातले दिवे समांतर जोडतात, म्हणून स्वयंपाकघरातला दिवा गेला तरी पडवीतला जळतो. हेच त्याने मग इंग्रजीत लिहून काढले. एकसर आणि समांतर जोडणीतला फरक त्याला परत वाचावा लागला नाही.

यामागे पक्के कारण आहे. 2006 साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे निघाले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, म्हणून रोज अर्धा तास पुस्तक मिटवून विचारा. चुकले तर ओरडू नका, फक्त पान दाखवा.

३. झोप आणि जेवण

या वयात आठ ते दहा तास झोप लागते. शिवाय किशोरवयात झोपेचे घड्याळच उशिराकडे सरकते, त्यामुळे "पहाटे चारला उठ" हा आपल्या वेळचा नियम सगळ्यांना मानवत नाही. वाचलेले डोक्यात पक्के बसते तेही झोपेतच. रात्री साडेदहाला सगळ्यांचे फोन, आपलेही, बाहेरच्या खोलीत ठेवा. आपण रील बघत बसलो तर मुलाला बोलण्याचा हक्क राहत नाही.

जेवण रोजचेच असू द्या. पेपरच्या सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) पाव आणि पातळ भाजी, नाहीतर पेज आणि लोणचे. मार्चच्या उकाड्यात पाण्याची बाटली विसरू नका.

४. आदल्या दिवशी

परीक्षेचे केंद्र दुसऱ्या शाळेत असेल तर आधी एकदा मुलासोबत तिथे जाऊन या. कदंबची (आपल्या सरकारी एसटीची) नेहमीची बस चुकली तर काय, हे ठरवून ठेवा आणि त्या दिवशी एक बस आधीचीच धरा. हॉल तिकीट, दोन पेने, कंपासपेटी संध्याकाळीच दप्तरात जावीत. दप्तर मुलाने भरावे, आपण एकदा नजर टाकावी.

५. पेपरहून आल्यावर

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची वेळ हीच. पेपर संपलेला असतो, त्यात कोणाला काही बदलता येणार नसते, आणि पुढचा पेपर अजून हातात असतो. म्हणून फाटकाशी एवढेच विचारा, "भूक लागली?" प्रश्नपत्रिका हातात घेऊन उत्तरे पडताळू नका. ती घरी आली की सगळे पेपर संपेपर्यंत कपाटात ठेवा. शेजारणी आणि मावश्या "पेपर कसो गेलो?" विचारणारच, त्यांना आधीच सांगून ठेवा की उत्तर आम्ही देऊ.

धाकट्याच्या गणिताच्या दिवशी मी कोकम सरबताची बाटली घेऊन गेले होते. तो बसमध्ये गप्प, मीही गप्प. जेवून तासभर झोपला. चारच्या सुमारास उठून स्वतःच म्हणाला, "आई, दोन प्रश्न राहिले." पोटात गोळा आला, तरी मी म्हटले, "बरं. आता काय वाचायचंय?" त्याने विज्ञानाची वही काढली. मूल रडलेच तर रडू द्यावे, "त्यात काय एवढं" म्हणू नये. त्याच्यासाठी ते तेवढे असते.

६. केव्हा मदत मागावी

पेपरच्या आदल्या रात्री पोटात कालवणे नेहमीचेच. पण मूल आठवडाभर जेवत नसेल, झोपत नसेल, खोलीबाहेर येत नसेल किंवा "मी नसते तर बरं झालं असतं" असे बोलत असेल, तर परीक्षा बाजूला ठेवा. जवळ बसून सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. मूल हो म्हणाले तर त्याला एकटे सोडू नका. शाळेत समुपदेशक असेल तर त्यांना भेटा. टेलि-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, आणि बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. लोक काय म्हणतील याचा विचार करत थांबू नका.

७. निकालाआधी

शेवटचा पेपर आणि निकाल यांच्यामध्ये पुढच्या वाटा पाहून या. फर्मागुडीचे आयटीआय, पणजीतील आल्तिन्हो आणि मये येथील पॉलिटेक्निक, जवळची उच्च माध्यमिक विद्यालये मुलाला डोळ्यांनी पाहू द्या. एखाद्या विषयात राहिलाच तर पुरवणी परीक्षा असते, हेही निकालाआधीच, हसतेखेळते असताना सांगून ठेवा. निकालाच्या दिवशी आसनक्रमांक त्यालाच टाकू द्या, गुण आधी त्यालाच पाहू द्या. कुटुंबाच्या ग्रुपवर ते टाकायचे की नाही, हेही तोच ठरवील.