टेराकोटा की विटकरी? घरात रंग लावण्याआधी असे पारखा

शेड कार्डावरच्या बोटभर चौकोनावरून हॉलचा रंग ठरवू नका. टेराकोटात नारिंगीची झाक असते, विटकरीत लाल-तपकिरी जास्त. कार्डावर हा फरक किरकोळ वाटतो, पण भिंतीवर तोच सगळी खोली बदलतो.

दोन्ही शेडचे लहान डबे आणा. पांढरा प्रायमर मारलेल्या दोन फुटी हार्डबोर्डांवर दोन-दोन हात द्या, कडेने पांढरी पट्टी सोडा, रात्रभर वाळू द्या. ओल्या रंगावरून निकाल नको, इमल्शन वाळल्यावर गडद होते.

पेंटर म्हणेल, भिंतीवरच दोन पट्टे मारून बघू. ऐकू नका. जुन्या पिस्ता भिंतीवर कुठलाही लाल असतो त्यापेक्षा भडक दिसतो. शिवाय पट्टा हलत नाही, बोर्ड हलतो.

खरी परीक्षा उजेडाची, आणि लोक घाई करतात ती इथेच. सकाळी खिडकी उघडून एकदा बघितले की झाले, हा सल्ला सोलापुरात कुचकामी आहे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दिवसभर पडदे ओढलेले असतात, म्हणून दुपारी पडदे ओढूनच बघा. अशा अंधुक खोलीत विटकरी काळवंडते, टेराकोटा तग धरतो. संध्याकाळी पश्चिमेचे ऊन आत आले की उलट होते: टेराकोटा भगभगीत नारिंगी होतो आणि विटकरी शांत राहते. बोर्ड उभाच ठेवा, खाली शहाबादी फरशीला टेकवून. त्या करड्या दगडाशेजारी लाल आणखी उठतो, आणि घरात तो तसाच दिसणार आहे.

मग रात्र. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली दोन्ही रंगांची ऊब जाते, ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्यात ती परत येते. म्हणून आधी दिवा ठरवा, मग रंग. ट्यूब बदलायची नसेल तर माझे मत टेराकोटाला.

पश्चिमेच्या खोलीला विटकरी, उत्तरेच्या कमी उजेडाच्या खोलीला टेराकोटा. चारही भिंती रंगवू नका, एकच रंगवा. समोरासमोरच्या लाल भिंती एकमेकींवर रंग फेकतात आणि बोर्डावर आवडलेली शेड खोलीत जड होते. फिनिश मॅटच घ्या, गडद रंगाच्या चकाकीत पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसतो.

लागेल तेवढा रंग एकदमच मिक्स करून घ्या आणि शेडचा कोड डब्यावरून लिहून ठेवा.