मेंदूचा स्कॅन वाचायला शिकायचंय? आधी पाणी शोधा

मेंदूची रचना शिकायची म्हटलं की बहुतेक जण रंगीत चित्र समोर ठेवून नावं पाठ करत बसतात, फ्रंटल, पॅरायटल, टेम्पोरल, ऑक्सिपिटल, आणि मग खराखुरा एमआरआय समोर आला की काहीच ओळखू येत नाही, कारण त्यात ना रंग असतात ना बाण. माझेही पहिले काही महिने असेच गेले, म्हणून आता कोणी विचारलं की मी एवढंच सांगते, आधी पाणी शोधायला शिका.

पाणी म्हणजे सीएसएफ, मेंदूच्या आत आणि भोवती फिरणारा द्रव, मोठ्या माणसात साधारण १५० मिली. आतल्या ज्या पोकळ्यांत तो भरलेला असतो ती व्हेंट्रिकल्स, एकूण चार. (आपल्याकडे "डोक्यात पाणी झालंय" म्हणतात ना, त्यात हीच फुगलेली असतात.) सीटीवर पाणी काळं, टी१ एमआरआयवर काळं, टी२ वर पांढरंशुभ्र (टी१ आणि टी२ म्हणजे एमआरआयचे फोटो काढायचे दोन प्रकार), त्यामुळे ते लगेच नजरेत येतं आणि बाकीच्यांचे पत्ते त्याच्यावरूनच लागतात.

लॅपटॉपवर थ्रीडी स्लायसर हे स्कॅन बघायचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, आणि त्यातल्या सॅम्पल डेटामधून एमआरहेड हा डोक्याचा टी१ एमआरआय डाउनलोड करा. तीन खिडक्या दिसतील, लाल म्हणजे आडवे काप, हिरवी म्हणजे समोरून, पिवळी म्हणजे बाजूने. एक गोष्ट पहिल्याच दिवशी डोक्यात बसवा, पेशंट उताणा झोपलाय आणि आपण त्याच्या पायाशी उभे राहून बघतोय, म्हणजे स्क्रीनच्या डाव्या हाताला त्याची उजवी बाजू.

आता लाल खिडकीत वरून खाली या, घाई नको. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना काळ्या कमानी उघडतील, ती लॅटरल व्हेंट्रिकल्स. पुढच्या बाजूला त्यांच्या बाहेरच्या भिंतीला आत ढकलणारा करडा फुगवटा दिसतो तो कॉडेट. आणखी खाली अगदी मधोमध बारीक काळी चीर, तिसरं व्हेंट्रिकल, आणि तिच्या दोन्ही अंगांना थॅलॅमस. त्याच्याही खाली चौथं, त्याच्या पुढे पॉन्स आणि मागे लहान मेंदू. शिफ्ट दाबून माउस फिरवला की तिन्ही खिडक्या त्याच जागेवर येतात, हे जमलं की लॅटरल व्हेंट्रिकलचं टेम्पोरल लोबमध्ये शिरणारं शिंग शोधा, हिप्पोकॅम्पस त्याच्या तळाशी असतो, हिरव्या खिडकीत छान दिसतो.

मटण खात असाल तर अजून एक करा, मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून बकऱ्याचा भेजा अख्खा काढून घ्या, नाहीतर डोकं फोडताना त्याचे दोन तुकडे होतात. थोडा वेळ फ्रीजरमध्ये ठेवला की सुरीने काप नीट पडतात. कडेला गुलाबीसर करडा थर, आत दुधाळ पांढरं. टी१ वर दिसतं ते हेच, कडा करडी आणि आत उजळ, टी२ वर बरोब्बर उलटं. हे हाताखाली बघितल्यावर ग्रे मॅटर, व्हाइट मॅटर पाठ करावं लागत नाही.

स्कॅनच्या पद्धतींचं म्हणाल तर प्रत्येकीला विचारायचा प्रश्न वेगळा. सीटी एक्स-रेवर चालतो, पटकन होतो आणि ताजं रक्त पांढरं दाखवतो, म्हणून डोक्याला मार लागला की आधी तोच काढतात. फ्लेअर म्हणजे टी२ च, पण पाण्याचा पांढरेपणा दाबलेला, त्यामुळे व्हेंट्रिकलच्या कडेचे डाग लपत नाहीत. ताजा स्ट्रोक बघायला डिफ्युजन, हाही एमआरआयचाच प्रकार. आणि एफएमआरआय, म्हणजे मेंदू काम करताना काढलेला एमआरआय, त्याबद्दल फार गैरसमज आहेत, तो पेशींची वीज मोजत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल मोजतो, आणि तो बदल टिपेला पोचायला ५-६ सेकंद लागतात. डोक्याला तारा लावून मेंदूची वीज मोजणारा ईईजी ती कधी बदलली ते मिलिसेकंदात सांगतो, पण नेमकी कुठून ते धड सांगत नाही. त्यामुळे "मेंदूचा हा भाग पेटला" अशी रंगीत चित्रं दिसली की आधी विचारा, कशाच्या तुलनेत?

एवढं झालं की लाल खिडकीत परत वर जा, जवळजवळ टाळूपर्यंत. तिथे एक घडी मागच्या बाजूला मुठीसारखी फुगलेली दिसते, उलट्या ओमेगाच्या आकाराची. हात हलवणारी जागा ती. दोन्ही बाजूंना शोधा, आणि उजव्या हाताची कुठली ते बोट ठेवून सांगा.